अकरा जायफळं आणि आमचे भाऊजी

माणसाला नाक-डोळे असतात, हे आमच्या थोरल्या दिरांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे एक जीभ आणि तिच्यामागे असलेलं पोट, बाकीचा सगळा ऐवज देवाने उगाच जोडलेला. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चेहरे तर नाहीतच. "तो रे, जिभेवरच्या पिवळ्या सायीचा," असं ते आमच्या ह्यांना सांगतात, आणि पिवळ्या सायीचा म्हणजे आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला येमेनी दुकानदार, हे आता आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. त्या बिचाऱ्याला तर इतकी सवय झाली आहे की भाऊजी दुकानात शिरले की तो आधी जीभ काढतो आणि मग दुधाची बाटली. भाऊजी हात पाठीमागे बांधून, मान किंचित वाकडी करून बघतात आणि "हं" म्हणतात. त्यांच्या "हं"चे निरनिराळे प्रकार आहेत. एकाचा अर्थ तळलेलं बंद, एकाचा अर्थ थंड पाणी बंद. एक असा असतो की तो ऐकला की माणसाने सरळ दवाखान्याची वाट धरावी, तिथे भाऊजी स्वतः सोबत जातात, काढा देत नाहीत. आणि एक, फार क्वचित मिळणारा, लांबवलेला, त्याचा अर्थ असा की काही झालेलं नाही, जा, जेव.

हे वेड त्यांना लागलं ते इथे सौदीत, तबूकला आल्यावर. ते एका चिनी कंत्राटदाराच्या साइटवर क्रेनचं काम बघतात, शहराबाहेर कॅम्पात राहतात. सहा वर्षांपूर्वी मेसच्या तेलाने त्यांचं पोट असं बिघडलं की महिनाभर माणूस नुसत्या खुबुसवर, म्हणजे इथल्या कोरड्या रोटीवर. तेव्हा चिनी लोकांच्या मेसमधला आचारी, एक म्हातारा गृहस्थ, भाऊजींना दारात बसलेलं बघून बाहेर आला, खुणेने जीभ काढायला लावली आणि आत जाऊन काहीतरी उकळून घेऊन आला. वाळलेली संत्र्याची साल, सुंठ, ज्येष्ठमध आणि मोड आणून भाजलेले सातू, इतकंच होतं त्यात. चार दिवसांत भाऊजी भात खायला लागले आणि पाचव्या दिवशी वही घेऊन आचाऱ्याच्या पायाशी जाऊन बसले. भाऊजींना चिनी येत नाही, त्याला हिंदी येत नाही. फोनवरचा भाषांतर करणारा तो यंत्रबुवा सालीला चामडं म्हणायचा, म्हणून दोघांनी त्याचा नाद सोडून चित्रं काढायला घेतली. ती शंभर पानी वही भाऊजींच्या शर्टाच्या खिशात कायम असते. तिच्यात फळं आहेत, मुळं आहेत, पोटं आहेत, आणि पानोपानी जिभा.

दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला येतात. जेवायला म्हणायचं, पण खरं येतात ते माझा गॅस अडवायला, कारण कॅम्पात शेगडी लावायला परवानगी नाही आणि भाऊजी नियम मोडत नाहीत. सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी पिवळ्यावर थांबणारे सौदीत दोनच प्राणी असतील, एक भाऊजी आणि दुसरा त्यांच्यामागे अडकलेला. तर ते पिशवीतून तीन पुड्या काढतात. एकात लाल आंबट फळाच्या चकत्या, एकात सातूचे मोड, एकात पीठ आंबवून वाळवलेली वडी. चिनी लोक ह्या तीन वस्तूंना तीन सिद्धपुरुष म्हणतात म्हणे, आणि जड जेवण पचवायचं तर तिघांना बाहेरून काळे आणि आतून तपकिरी होईपर्यंत भाजावं लागतं. थालिपिठाची भाजणी मी आईच्या हाताखाली शिकले आहे, मला भाजणं कशाला म्हणतात ते कळतं. हे सरळसरळ जाळणं होतं. पहिल्या शुक्रवारी धुराने बिल्डिंगचा राखणदार बादली घेऊन वर आला. भाऊजींनी त्याला खुर्ची दिली आणि जीभ दाखवायला सांगितली.

सालींचा तर वेगळाच संसार. साल जितकी जुनी तितकी गुणी, असं चिनी आचाऱ्याचं सांगणं. तेव्हापासून मेसमध्ये कोणीही संत्रं सोलायला घेतलं की भाऊजी समोर जाऊन उभे. सालीचे तीन पाकळ्यांसारखे तुकडे व्हायला हवेत, देठाशी जोडलेले. पंजाबी असो, नेपाळी असो, अख्खा कॅम्प तीन पाकळ्यांत संत्रं सोलायला शिकला. साली वाळवून बरण्यांत भरायच्या आणि वर वर्ष लिहायचं. त्यांच्या कॅम्पातल्या खिडकीत अशा सहा बरण्या उभ्या होत्या, सहा वर्षांच्या. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, लोक इथे येऊन सोनं साठवतात." तर गंभीरपणे म्हणाले, "सोनं जुनं झालं म्हणून वाढतं का? साल वाढते."

माझी जीभ मात्र त्यांनी कधी बघितली नाही. म्हणजे मी दाखवली नाही. थोरल्या दिरासमोर जीभ काढायची, हे आमच्या श्रीवर्धनकडच्या घरात बसतं का? ह्यांनी जीभ दाखवली, माझ्या लेकीने, ईशाने तर त्याचा खेळच केला, पण मी म्हटलं, मेले तरी नाही. मग भाऊजी माझ्या पोटाची चौकशी ह्यांच्यामार्फत करायचे. मी चपात्या लाटत असायची आणि बाहेरून ऐकू यायचं, "तिला विचार, सकाळी तोंड कडू असतं का?" हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "तोंड कडू असतं का?" मी म्हणायची, "माणसावर अवलंबून आहे." हे बाहेर जाऊन सांगायचे, "नसतं." भाऊजी वहीत काहीतरी लिहायचे. "चिनी म्हणतो, पोट खाण्याने कमी बिघडतं, काळजीने जास्त," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं, काळजी करायला सवड कुणाला आहे?

त्या वहीत एका पानावर जायफळ होतं. छान काढलेलं, आतल्या नक्षीसकट. सारखं पोट वाहणाऱ्यासाठी चिनी लोक जायफळाला ओल्या कणकेत गुंडाळून भाजतात, कणीक करपली की फोडून टाकतात, आतलं वापरतात. पण सौदीत जायफळ आणायला बंदी आहे. ती नशेची वस्तू धरतात. आपल्याकडे श्रीखंडात किसतात ती वस्तू नशेची, पण देश त्यांचा, कायदा त्यांचा. भाऊजींना हे कळलं त्या दिवशी त्यांनी पट्टी घेऊन त्या पानावर तांबडी फुली मारली आणि खाली लिहिलं, "बंदी. विषय संपला." त्यांच्यापुरता खरोखरच संपला होता.

संपवला नाही तो मी. गेल्या सुट्टीत मी ईशाला घेऊन गावी गेले. सासूबाईंच्या आगरात जायफळाची तीन झाडं आहेत. संध्याकाळी त्या फळं फोडत बसल्या होत्या, मी मदतीला, आणि मला बोलायला विषय हवाच असतो. मी भाऊजींची नक्कल करून दाखवली. जीभ कशी बघतात, साली कशा गोळा करतात, आणि रंगात येऊन म्हटलं, "आणि आई, जायफळ म्हणे कणकेत गुंडाळून भाजायचं. पण तिथे बिचाऱ्यांना जायफळ कुठे मिळायला!" त्या हसल्या नाहीत. "मिळत नाही?" इतकंच विचारलं. "नाही," मी म्हटलं. बंदी आहे हा शब्द मी गाळला, कारण तो घातला असता तर गोष्ट लांबली असती आणि हशा गेला असता. इतक्याशा गोष्टीसाठी गाळला.

निघताना सासूबाईंनी लाडवांचा डबा दिला. "थोरल्याला दे. त्याच्यासाठी वेगळे केलेत." मी म्हटलं, बेसनाचे लाडू ते, त्यात वेगळं काय असणार. मुंबईहून दुबई आणि दुबईहून तबूक, डबा माझ्या हातातल्या पिशवीत. दुपारी विमान उतरलं, पासपोर्टवर शिक्का झाला, बॅगा आल्या आणि आम्ही कस्टमच्या रांगेत लागलो. पुढे यंत्राचा पट्टा, त्यापलीकडे काचेचा दरवाजा, आणि दरवाजापलीकडे आम्हाला न्यायला आलेले भाऊजी, निळ्या शर्टात, खिशात वही. आमचे हे ज्या शेतीच्या कंपनीत पंपांचं काम बघतात तिथे त्या दिवशी त्यांची ड्यूटी होती. आमच्यापुढे सात-आठ माणसं असतील. ईशाला भूक लागली होती. तिने पिशवीत हात घालून डबा उघडला, एक लाडू काढून चावला आणि म्हणाली, "मम्मी, देअर इज अ स्टोन इन इट."

मी लाडू हातात घेतला. बाहेर बेसनाचा पातळ लेप, आत करपलेल्या कणकेचं कवच, आणि कवचाच्या आत जायफळ. सासूबाईंनी लेकाचे कष्ट वाचवले होते. कणकेत गुंडाळून, चुलीच्या निखाऱ्यात भाजून, वाटेत वास लागू नये म्हणून वरून बेसन थापून, सगळं तयार करून पाठवलं होतं. लपवावं हे त्या माउलीच्या स्वप्नातही नव्हतं, पण त्या डब्यात बघणाऱ्याला लपवल्याशिवाय दुसरं काही दिसलं नसतं. समोर भिंतीवर मनाईच्या वस्तूंचा फलक, बाजूला शिपाई, वर कॅमेरा. मागे जायची सोय नाही, कचऱ्याचा डबा शिपायाच्या पायाशी. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, एक शेरा पडला की ह्यांची नोकरी, ईशाची शाळा, नऊ वर्षांचं बिऱ्हाड, सगळं खलास. आणि ते तरी बरं म्हणावं, तुरुंगाचं नाव मनात आलं तेव्हा मी ईशाचा हात इतका दाबला की ती ओरडली.

मी भाऊजींना फोन लावला. काचेपलीकडे त्यांनी तो कानाला लावलेला मला दिसत होता. "भाऊजी, लाडवांत जायफळं आहेत," मी म्हटलं. "आईने?" "हो." "टाकू नकोस. लपवू नकोस. उभी राहा," ते म्हणाले आणि फोन बंद झाला. रांग पुढे सरकली. पाच माणसं, मग चार. मी एकीकडे रामरक्षा म्हणत होते आणि दुसरीकडे मोजत होते, आणि दोन्ही चुकत होतं. मग पिशवी पट्ट्यावर गेली, आत गेली आणि पट्टा थांबला.

अधिकारी तरुण होता, वागायला सभ्य. त्याने डबा उघडला, एक लाडू फोडला, मग दुसरा. मग सगळेच. टेबलावरच्या कागदावर अकरा जायफळं रांगेत मांडली गेली. त्याने एक नाकाशी नेलं आणि हळूच जायफळाचं अरबी नाव घेतलं, "जोज-अत-तीब." आम्हाला बाजूच्या लहान खोलीत नेलं. भाषांतराला सामान ओढणारा एक हैदराबादचा माणूस बोलावला. "मॅडम, साब पूछ रैं, ये किसका है?" तेवढ्यात दार उघडलं आणि शिपाई भाऊजींना घेऊन आत आला. बाहेर ते स्वतःच शिपायाकडे गेले होते आणि आतला माल माझा आहे म्हणाले होते. कस्टमच्या खोलीत आपण होऊन शिरू मागणारा माणूस त्या शिपायाने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

"अना," भाऊजी छातीवर हात ठेवून म्हणाले. मी, मी. मग हैदराबादच्या माणसाकडे वळून हिंदीत, "माँ को मैंने बोला था भेजने को. इसको कुछ मालूम नहीं." अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी. भाऊजींनी पोटावर हात फिरवला, औषध म्हणाले. त्याने खिशातली वही मागितली. पानं उलटता उलटता जिभा बघून त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, दुसरा दिवस असता तर मी हसून लोळले असते. मग ते पान आलं. जायफळ, आणि त्यावर तांबडी फुली. त्याने फुलीवर बोट ठेवलं. "साब पूछ रैं, आपको मालूम था मना है?"

त्या फुलीतच भाऊजींची सुटका होती. ह्या माणसाने ते मागवलं नव्हतं, नाव सुद्धा टाकलं होतं, ह्याचा तो पुरावा होता. पण मग मागवलं कोणी, बोललं कोणी, डबा आणला कोणी, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी होते. भाऊजींनी फुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "मालूम था. गलती हो गई." जन्मात खोटं न बोललेला माणूस, इतकं सराईतपणे बोलला. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात जरासा वर केला. ईशा माझ्या ओढणीला धरून उभी होती. आणि मी तोंड मिटलं. खरं सांगते, मी घाबरले होते, आणि मिटलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

त्यांच्याकडून लिहून घेतलं, अंगठा घेतला, इकाम्याची प्रत घेतली. फोन येईपर्यंत देश सोडायचा नाही, असं सांगून तिन्हीसांजेला सोडलं. पुढल्या आठवड्यात ते सुट्टीवर जाणार होते, दोन वर्षांनी. गावी जाऊबाईंनी घराला रंग काढला होता. तिकीट रद्द झालं. आईला त्यांनी फोनवर सांगितलं की कामाची घाई आहे, आणि लाडू छान होते. कॅम्पात बातमी पोचली, तेव्हा कंपनीने खोली तपासली आणि बिनलेबलाचं काही ठेवायचं नाही म्हणून सहा बरण्या कचऱ्याच्या गाडीत रिकाम्या केल्या. चिनी आचारी म्हणे गाडीजवळ उभा राहून बघत होता. भाऊजींनी त्याला वहीतलं ते पान दाखवलं, त्याने मान हलवली, आणि दोघे आपापल्या कामाला गेले.

तीन आठवडे फोन आला नाही. शुक्रवारी भाऊजी येत, पानात वाढलेलं खात, ह्यांच्याशी क्रेनचं बोलत आणि जात. जीभ कुणाची बघितली नाही. ईशाने एकदा आपणहून काढली तर म्हणाले, "अभ्यास कर." खालचा येमेनी मला विचारून गेला, भाईसाब मुझसे नाराज है क्या. माझ्या स्वयंपाकघरात धूर नव्हता, आणि इतकी वर्षं ज्या धुराच्या नावाने मी बोटं मोडली तो नसल्यामुळे मला भाकरी गोड लागेना. रात्रंदिवस एकच, भाऊजींना देशी पाठवून दिलं तर? ह्या वयात, रिकाम्या हाताने, माझ्या बडबडीपायी. ह्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "दादाला माहीत आहे. त्याच्यासमोर काढू नकोस, त्याला अवघड होईल." अवघड त्यांना होईल म्हणे.

चौथ्या आठवड्यात फोन आला. माल नष्ट केला, समज दिली, प्रकरण बंद. भाऊजींनी ह्यांना कळवलं तेही एका शब्दात, "खलास." त्या शुक्रवारी जेवणं झाली, मी संत्री आणून ठेवली. भाऊजींनी एक घेतलं आणि सोललं. हात आपोआप चालले, तीन पाकळ्या, देठाशी जोडलेल्या. मग ते त्या सालीकडे बघत राहिले आणि ती उष्ट्या ताटात टाकायला गेले. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधली. साल मुरायला वर्षं लागतात, आणि आमचा इकामा वर्षावर्षाने वाढतो, ती कामाची होईल तेव्हा ह्या खिडकीत कोण असेल कोण जाणे. पण बांधली.

आणि मग मी खुर्ची ओढली, भाऊजींच्या समोर बसले, उजेडाकडे तोंड केलं आणि जीभ बाहेर काढली. हे पाण्याचा ग्लास घेऊन येत होते ते दारातच थांबले. भाऊजी आधी दचकले, मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग सावकाश चष्मा लावला आणि हात पाठीमागे बांधून मान वाकडी केली.

"कडेला दातांचे ठसे आहेत," ते म्हणाले. "काळजी करतेस."

मी जीभ आत घेतली. "भाऊजी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आईंना जायफळाचं मीच..."

"आत घेऊ नकोस," ते म्हणाले. "अजून बघून झालं नाही."

मी पुन्हा बाहेर काढली. ते बघत राहिले, चांगला वेळ घेऊन, आणि मी तशीच बसून राहिले. जीभ बाहेर असली की माणसाला बोलता येत नाही आणि धड रडताही येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि "हं" म्हणाले. लांबवलेला, फार क्वचित मिळणारा तो.